परत पाण्यात

शुभदा, यंदा साडी डे मंगळवारी ठेवला आहे. तू असतीस तर स्टाफरूममध्ये पहिला आवाज तुझा आला असता, "मंगळवारी माझी प्रॅक्टिकल्स असतात, मुली पदर सांभाळणार की मायक्रोस्कोप?" आणि मंगळवारी सगळ्यांच्या आधी तूच येऊन, सेफ्टी पिनांची डबी मांडीवर घेऊन, मुलींच्या निऱ्या नीट करून देत बसली असतीस. ती डबी तुझ्या खणात आहे. खण अजून कुणी उघडलेला नाही, आणि मला विचारशील तर इतक्यात उघडूही नये.

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. कशानं गेलीस, किती वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंस, मागे कोण कोण आहे, हे सगळं फाटकाजवळच्या फळ्यावर लिहून झालं. ते काम माझ्याकडेच आलं, कारण ग्रंथपालाचं अक्षर चांगलं असतं असा आपल्या कॉलेजचा समज आहे. चार ओळी लिहिल्या. पाचवी ओळ जरा माणसासारखी लिहावी म्हणून खडू टेकवला आणि तसाच उचलला. इतकी वर्षं मी फक्त पाट्या लिहिल्या. 'वाचनालयात मोबाईल वाजल्यास तो ग्रंथालयाला भेट मिळाला असे समजण्यात येईल.' तू त्या वाचून खिदळायचीस. म्हणायचीस, "कुंदा, तू शोकसभेची सूचना लिहिलीस तरी लोक हसतील." कुणी हसलं नाही गं. मुलं फळ्यासमोर उभी राहून फोटो काढत होती, आणि मला त्यांना हटकावंसंसुद्धा वाटलं नाही.

मग वार्षिक अंकाची मुलं आली. म्हणाली, "मॅडम, शुभदा मॅडमवर तुम्हीच लिहा. दोन पानं. इमोशनल असलं तरी चालेल." मी म्हणाले, "पानांची मर्यादा तुम्ही सांगा, बाकीची मी बघते." ती गेल्यावर दार लावून घेतलं. तुझ्यावर दोन पानं लिहिणं काही अवघड नाही. तुझं टेकडीवरचं फिरणं आहे. पावसाळी सहलीत गवतावर उकिडवी बसून दिलेली तुझी व्याख्यानं आहेत. आवारातल्या बुचाच्या झाडाखाली, "फुलं वेचा, पण वासावर परीक्षेत प्रश्न येईल," असा तुझा दम आहे. शेवटच्या वर्षाची मुलं दर मार्चमध्ये ग्रंथालयाच्या व्हरांड्यात निरोपाची भेळ करतात. वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी मी माझ्या हद्दीत खाणं चालवून घेते, आणि त्या दिवशी कांदा कोण चिरतं हे सगळ्यांना माहीत आहे. हे सगळं लिहिता येईल, मुलांनाही आवडेल. पण मला जे लिहायचं आहे ते यातलं नाही. ते मी तुला बारा वर्षांत सांगितलं नाही, आणि आता सांगायला तू नाहीस.

तर फिशपाँड.

अंक वाचणाऱ्या आत्ताच्या मुलांना तो शब्द बहुतेक माहीत नसेल. गॅदरिंगच्या आधी आठवडाभर जिन्याखाली एक लाकडी पेटी ठेवायची. मुलांनी त्यात एकमेकांवर, शिक्षकांवर निनावी चिठ्ठ्या लिहून टाकायच्या: दोन ओळी, एखादा चिमटा, एखादं यमक. गॅदरिंगच्या दिवशी स्टेजवरून त्या वाचायच्या, आणि ज्याच्यावर असेल त्यानं हसून उभं राहायचं. बऱ्याच कॉलेजांत होतं हे. आपल्याकडे मात्र चिठ्ठ्या वाचायच्या तू, आणि त्याआधी निवडायच्या आपण दोघींनी.

ती दुपार मला वर्षातली सगळ्यात आवडती होती. ग्रंथालयाला आतून कडी. माझ्या टेबलावर पेटी उपडी केलेली. तू खिडकीकडच्या खुर्चीत, मी माझ्या जागी. एक गठ्ठा वाचायचा, एक टाकायचा. टाकायच्या गठ्ठ्याला नाव तूच दिलंस. पहिल्याच वर्षी एका मुलाच्या तोतरेपणावरची चिठ्ठी निघाली. मी ती फाडायला घेतली तर तू माझ्या हातातून काढून घेतलीस. म्हणालीस, "फाडू नको. परत पाण्यात सोड. लिहिणाऱ्यालाही कळू दे, की मासा गळाला लागला होता आणि आपण सोडून दिला." तेव्हापासून कुणाच्या रूपावर, घरच्या परिस्थितीवर, गावाकडच्या बोलीवर काही निघालं की तू नुसतं म्हणायचीस, "परत पाण्यात." मी ती चिठ्ठी खोक्यात टाकायची. पुढे पुढे आपल्या दोघींत तो शब्दच होऊन बसला. स्टाफरूममध्ये कुणी उगाच कुणाबद्दल बोलायला लागलं की तू माझ्याकडे बघून ओठ न हलवता तेच म्हणायचीस.

आणि नियम एकच. दोघींनी पाहिल्याशिवाय कोणताही कागद वाचायच्या गठ्ठ्यात जायचा नाही. पाहिल्याची खूण म्हणून डाव्या कोपऱ्यात माझी पेन्सिलची टिक, उजव्या कोपऱ्यात तुझी. नियम तुझाच. तेव्हा मी म्हणाले होते, "मुलांच्या चिठ्ठ्या आहेत की कोषागारातली कागदपत्रं?" तू म्हणालीस, "मला जे टोचत नाही ते तुला टोचेल. आणि तुला तर काहीच टोचत नाही, म्हणून मी." बरोबरच होतं तुझं. मला कधीच लवकर टोचत नाही.

आता ती चिठ्ठी. इतक्या वर्षांनीही अक्षर न अक्षर पाठ आहे. "फ्रेशर्सला हिरवी, साडी डेला हिरवी, गॅदरिंगला हिरवी. मॅडम, कपाटात दुसरा रंग उगवतच नाही का?"

मला दुसरं कुणी सुचणंच शक्य नव्हतं. तुझी ती काठाची साडी, अळूच्या पानासारखी गडद हिरवी. प्रत्येक समारंभाला तीच. मुलांनी तुझं नाव क्लोरोफिल पाडलं होतं आणि तुला ते ठाऊक होतं. वर 'उगवत नाही का' असं लिहिलेलं, म्हणजे वनस्पतिशास्त्राचंच पोर. मला इतकं हसू आलं की मी खोकल्याचं निमित्त केलं. तू तेव्हा चहाचे कप विसळायला उठली होतीस. मी डाव्या कोपऱ्यात टिक केली आणि ती चिठ्ठी वाचायच्या गठ्ठ्याच्या मधोमध सारली. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या टोप्या उडवतेस, एकदा स्टेजवर उभी राहून स्वतःची उडताना वाच. बस, एवढंच होतं माझ्या मनात. तुझा चेहरा बघायचा होता मला.

तो बघायला मिळाला.

पंधरा-वीस चिठ्ठ्या झाल्या होत्या. हॉल रंगात आला होता. प्राचार्यांवरची झाली, कँटीनच्या चहावरची झाली. मग तू ती उचललीस, आणि वाचता वाचता 'मॅडम' शब्दावर किंचित थांबलीस. मी पहिल्या रांगेत. मला वाटलं, कळलं, आता हसेल. पण तुझी नजर माझ्यावर आली नाही. ती गेली तिसऱ्या रांगेत. उरलेले शब्द तोंडातून निघूनच गेले होते. पुढच्याच क्षणी तू स्वतःचा पदर हातात धरून उंच केलास आणि म्हणालीस, "काय करणार बाबांनो, विषयच हिरवा!" हॉल हसला, पण तुझ्याकडे बघून नाही. मागून कुणीतरी लांब सूर लावून ओरडलं, "मॅऽऽडम!" आणि सगळी डोकी तिसऱ्या रांगेकडे वळली.

तिथं रेणुका बसली होती. तुझ्याच वर्गातली, दुसऱ्या वर्षाला. यवतमाळकडून आलेली, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहणारी. ती भेटेल त्याला मॅडम आणि सर म्हणायची. सीनियर मुलींना मॅडम, कँटीनमधल्या मावशींना मॅडम. म्हणून वर्गानं तिचंच नाव मॅडम पाडलं होतं. मला हे माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तिच्या अंगावर हिरवी साडी होती. फ्रेशर्सलाही तीच होती म्हणे, आणि साडी डेलाही. ती उठली, रांगेतल्या मुलींचे गुडघे ओलांडत बाहेर आली आणि बाजूच्या दारातून निघून गेली. एका हातानं निऱ्या धरलेल्या होत्या तिनं. ते मला दिसलं.

चिठ्ठी तुला आधी दाखवली असती तर तू मान वर न करता दोन शब्द म्हणाली असतीस, आणि ती खोक्यात गेली असती. एवढीच गोष्ट आहे, शुभदा.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये आपण दोघी शेजारी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "या चिठ्ठ्या निवडतं कोण?" तू म्हणालीस, "मी." ते म्हणाले, "आणि ही?" तू म्हणालीस, "हीपण." मी त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत होते. आत निळं फूल होतं. त्याला सहा पाकळ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणेन असं ठरवलं, तर बाहेर तू म्हणालीस, "मला जरा कर्वेनगरला जायचंय," आणि स्कूटर काढून गेलीससुद्धा.

फिशपाँड त्या वर्षापासून बंद झाला. पेटी मी ग्रंथालयात, जुन्या बांधीव अंकांच्या कपाटावर नेऊन ठेवली.

आता खरं सांगते. मी सांगितलं नाही म्हणून तुला कळलं नसेल, असं मी स्वतःला कधीच फसवलं नाही. स्टेजवर तो कागद तुझ्या हातात होता. डाव्या कोपऱ्यात माझी टिक, उजवा कोपरा कोरा. तो शब्द वाचतानाच तुला कळलं असणार. तुला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी आपण बारा वर्षं रोज एका डब्यातून जेवलो. तुझी मेथीची भाजी, माझी पोळी. कितीदा माझ्या ओठांवर आलं. टेकडीवर आलं, तुझ्या मुलीच्या लग्नात आलं, दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले असताना तर इतकं आलं की मी तुला "शुभदा" अशी हाक मारली. तू डोळे उघडून म्हणालीस, "काय गं?" मी म्हणाले, "पंखा कमी करू का?" भित्री आहे मी. दुसऱ्यांना पाट्या लिहून दटावणारी माणसं बहुतेक अशीच असतात.

आणि याच गोष्टीवरून आपण भांडलोही, फक्त नाव न घेता. दर जानेवारीत कँटीनमध्ये चहा घेताना तू सुरू करायचीस.

"कुंदा, पेटी काढायची का खाली?"

"नाही."

"का?"

"झालं ते पुरे नाही झालं का?"

"पेटी बंद केली म्हणून जिभा बंद झाल्या? आता ते फोनवर काढलंय त्यांनी काहीतरी, निनावी पान. वाचलंस का? वाच एकदा. तिथं सगळंच वाचायच्या गठ्ठ्यात जातं. परत पाण्यात सोडायला कुणी बसलेलंच नाही."

"मग तू बस जाऊन तिथं."

"मला एकटीला नाही जमत. दोघी लागतात."

असं म्हणून तू माझ्याकडे बघायचीस आणि थांबायचीस. आता वाटतं, दर वर्षी तू ते दार माझ्यासाठी उघडं धरून उभी राहायचीस. पेटी खाली काढायची म्हणजे ते बोलणं आलंच असतं, आणि मला ते टाळायचं होतं. मुलांची काळजी वगैरे मी पुढे करायचे ते निमित्त होतं. माझ्या नकारानं तू चिडायचीस. एकदा म्हणालीस, "ग्रंथपालबाई, तुमच्याकडे आलेली प्रत्येक गोष्ट कुलपातच जायला पाहिजे का?" आठ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नव्हते. ते आठ दिवस आता परत मिळाले तर तुझा एकेक शब्द ऐकून घेईन गं, वाटेल ते बोल.

दुसरं भांडण त्या साडीवरून. तुझ्या पन्नाशीला मी तुला वांगी रंगाची इरकल दिली होती. चार दुकानं फिरून घेतली होती. म्हटलं, निदान या गॅदरिंगला ही नेस. तू तिची घडी मोडलीस ती भाचीच्या मुंजीत. गॅदरिंगला आपली हिरवीच. पुढच्या वर्षीही हिरवी, त्याच्या पुढच्या वर्षीही. तिचा रंग खांद्यावर उडाला, पदराजवळ रफू आलं. मी टोचून बोलायचे, "रफूला साडी लावून घेतली आहेस का?" तू हसायचीस. मला राग यायचा, कारण ती साडी दिसली की मला ती चिठ्ठी आठवायची. मला वाटायचं, तू मुद्दाम नेसतेस. मला शिक्षा म्हणून, न बोलता, दरवर्षी. हो, असंसुद्धा वाटलं मला तुझ्याबद्दल.

गेल्या वर्षीचं गॅदरिंग तुझं शेवटचं. ब्लाउज अंगावर लोंबत होता इतकी उतरली होतीस. स्टाफरूमच्या आरशासमोर मी तुझा पदर पिनअप करत होते आणि मला राहवलं नाही. म्हणाले, "यंदा तरी बदलायचीस."

"सवय झालीय गं लोकांना."

"कुठल्या लोकांना?"

तू पुढची पिन तोंडात धरलीस.

तुझ्या शोकसभेला हॉल भरला होता. प्राचार्य बोलले, तुझ्या विभागातले सर बोलले. मला बोलायला सांगितलं होतं, मी घसा बसल्याचं सांगितलं. संपल्यावर माणसं चहाकडे वळली, तेव्हा बाजूच्या दाराशी एक तरुण बाई उभी दिसली. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच होतं. ती माझ्याकडे आली.

"मॅडम, मी रेणुका. तुम्ही नाही ओळखणार आता."

मी ओळखलं होतं. ती बोलायला लागायच्या आधीच, तिच्या उभं राहण्यावरून.

खराडीला असते म्हणाली, एका सॉफ्टवेअर कंपनीत. लग्न झालंय, मुलगी आहे. मग तुझ्या फोटोकडे बघत म्हणाली, "मी दरवर्षी यायची नं मॅडम, गॅदरिंगला. इथंच, या दाराशी. पाच मिनिटं. कधी कधी ऑफिसमधून अर्धा दिवस टाकून."

"कशाला?" मी विचारलं.

"मॅडमची साडी बघायला."

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी तू कर्वेनगरला तिच्या खोलीवर गेली होतीस तेव्हा ती बॅग भरत होती. रात्रीच्या गाडीनं गावाला जाणार होती, परत न येण्यासाठी. तू तिच्या ट्रंकेवर बसलीस आणि म्हणालीस, "ती चिठ्ठी तुझ्यावर नव्हती, माझ्यावर होती. मीच लिहिली आणि मीच पेटीत टाकली, स्वतःची मस्करी म्हणून. तुझ्यावर गेली ही माझी चूक."

"मी म्हटलं, खोटं बोलता तुम्ही मॅडम. तर म्हणाल्या, खोटं वाटतंय नं, मग दरवर्षी गॅदरिंगला येऊन बघत जा. ज्या वर्षी मी हिरव्यात नसेन त्या वर्षी समज, मी खोटी." रेणुका हसली आणि डोळे पुसले. "अन् मी खरंच यायची. आधी परीक्षा घ्यायला यायची, मग नुसतीच. कधीच नाही चुकल्या त्या. मला माहीत होतं नं, खोटंच होतं ते. मॅडम काय अशी चिठ्ठी लिहितील? पण इतकी वर्षं माझ्यासाठी कोणी एकच साडी नेसतं का हो?"

लोकांना सवय झाली होती म्हणालीस ना. लोक म्हणजे बाजूच्या दारातली ही एक मुलगी.

आणि मी इतकी वर्षं समजत होते की ती साडी माझ्यासाठी आहे! कसला हा मोठेपणा माझा. तू मला शिक्षा वगैरे काही करत नव्हतीस. माझी चूक तू तुझ्या अंगावर घेतली होतीस, अगदी शब्दशः, आणि रफू करून करून टिकवली होतीस. त्यावरून मी तुला बोलत होते.

त्या क्षणी सांगायला हवं होतं, शुभदा. ती समोर होती. हॉल रिकामा होत होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा घेऊन जा." चहा! ती म्हणाली, "नाही मॅडम, मुलीची शाळा सुटते," आणि गेली. तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार होता, त्याच्यासमोर मी तशीच उभी राहिले. इतकी लाज मला केबिनमध्येसुद्धा वाटली नव्हती.

चार दिवसांपूर्वी यंदाची जी. एस. आली. चुणचुणीत मुलगी आहे, तुझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "मॅडम, आम्हाला फिशपाँड परत सुरू करायचाय. शुभदा मॅडम दरवर्षी आम्हाला सांगायच्या त्याबद्दल. पेटी तुमच्याकडे आहे असं त्या म्हणाल्या होत्या. आणि म्हणाल्या, कुंदा मॅडम आधी नाही म्हणतील, पण विचारत राहा." माझ्या पाठीमागे मुलांनाही पढवून ठेवलं होतंस तर. मी म्हणाले, "विचार करते." तिनं जाता जाता मान वळवून सांगितलं, "उद्या परत विचारायला येईन." आली. परवाही आली.

काल मी स्टूल लावून पेटी खाली काढली. धूळ पुसली. आत काही नव्हतं. मला वेडीला वाटलं होतं, तू ती चिठ्ठी आत ठेवली असशील. तू ती कुठे ठेवलीस, फाडलीस की कुणाला न सांगता पाण्यात सोडलीस, ते मला कधीच कळणार नाही. पेटी आता माझ्या टेबलावर आहे आणि तुझी खुर्ची समोर. दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतून ऊन त्या खुर्चीवर येतं. तू ती त्या वेळी जरा मागे सरकवायचीस. मी सरकवली नाही. ऊन खुर्चीवर येऊ दिलं.

ही पानं मी त्यानंतर लिहायला घेतली. लिहून झाल्यावर आधी वाटलं, सरळ अंकाच्या मुलांकडे द्यावीत. होऊ दे एकदाचं जाहीर, ती चिठ्ठी गठ्ठ्यात सारणारी शुभदा नाही, मी. मग लक्षात आलं, की मी परत तेच करायला निघाले आहे. यात रेणुका आहे, तिची साडी आहे, तिचं उठून जाणं आहे. तिला न दाखवता हे छापायचं म्हणजे पुन्हा कोऱ्या कोपऱ्याचा कागद गठ्ठ्यात सारायचा. तू नसताना तरी मला एकदा वेळेवर टोचलं, बघ.

काल रात्री मी रेणुकाला फोन केला. म्हणाले, "उद्या दुपारी ग्रंथालयात येशील का? मला तुला काहीतरी वाचायला द्यायचं आहे. वाचून झाल्यावर तू मला बोल, काय वाटेल ते. आणि त्यानंतरही इच्छा असली तर एक काम आहे, दोघी लागतात त्याला." तिनं विचारलं, "मॅडमच्या खुर्चीत बसायचं का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "येते."

वाचून तिनं नाही म्हटलं तर पेटी पुन्हा कपाटावर जाईल आणि ही पानं परत पाण्यात. तेव्हा ती तुझ्या-माझ्यातच राहतील. तुझ्याशी बोलून झालं, मला तेवढंही खूप आहे. तुझी आठवण इतकी येते की आज डबा उघडलाच नाही. पोळीबरोबर खायला माझ्याकडे काही नव्हतं.

आज शनिवार. पावणेतीन झाले आहेत. पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात मी टिक केली आहे. पेन्सिलीला टोक काढून ती टेबलावर तुझ्या खुर्चीच्या बाजूला ठेवली आहे.